छातीतली कळ थांबली, पण ठोक्यांचे काय?

सकाळचा चहा झाला की नाना आपला गोळ्यांचा डबा उघडतात. वय ६८. पाच वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला, एक स्टेंट बसवला. त्यानंतर प्रकृती बरी असली तरी जिना चढताना किंवा जेवणानंतर लगेच चालू लागले की छातीवर कोणी ओझे ठेवल्यासारखे वाटे. डॉक्टरांनी रॅनोलाझिन नावाची एक नवी गोळी वाढवली. कळ बरीच कमी झाली आणि नाना पुन्हा पिशवी घेऊन भाजीला जाऊ लागले.

मध्येच त्यांना खोकला झाला, ताप आला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "दुसरी काही औषधे चालू आहेत का?" नाना म्हणाले, "एक बीपीची आहे." खोकल्याचा आणि हृदयाच्या गोळ्यांचा काय संबंध, असे त्यांना वाटले. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊन ते घरी आले. तिसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघरात जाताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि भिंतीला धरून ते खाली बसले. छातीत कळ नव्हती, त्यामुळे घरच्यांना वाटले, तापाचा अशक्तपणा असेल, लिंबूसरबत द्यावे.

सुनेला मात्र चैन पडेना. "बाबा, आपण दाखवून येऊ. काही नसेल तर तासाभरात परत येऊ," असे म्हणून तिने घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरल्या आणि त्यांना रुग्णालयात नेले. ईसीजीची पट्टी पाहिल्यावर तिथल्या डॉक्टरांनी आधी ती पिशवी मागितली. हृदयाची गोळी आणि खोकल्याची गोळी यांची जोडी त्यांच्या लगेच लक्षात आली. औषध वेळेवर थांबले आणि नाना दोन दिवसांत घरी आले.

ही गोष्ट कोणा एका घरची नाही. दीर्घकाळचा हृदयविकार असलेल्या कोणत्याही घरात ती घडू शकते. छातीतली कळ कमी करणारी बहुतेक औषधे हृदयाच्या ठोक्यांवरही काही ना काही परिणाम करतात. कधी हा परिणाम हवासा असतो, कधी घातक. कोणती गोळी काय करते, एवढे घरच्यांना ठाऊक असले तर पुष्कळ अनर्थ टळतात.

कळ येते कशामुळे?

विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडनमध्ये या दुखण्याचे वर्णन वाचून दाखवले. ते १७७२ मध्ये छापले गेले. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छाती आवळल्यासारखी वाटते आणि माणूस थांबला की त्रासही थांबतो, असे त्याने नोंदवले. 'अंजायना पेक्टोरिस' हे नावही त्याचेच. अडीचशे वर्षांनंतरही डॉक्टर रुग्णाला जवळजवळ हेच प्रश्न विचारतात.

यामागचा हिशेब साधा आहे. हृदयाच्या स्नायूला काम करायला प्राणवायू लागतो. तो हृदयाच्याच अंगावरून जाणाऱ्या रोहिण्यांतल्या रक्तातून मिळतो. या रोहिण्या आतून चरबीच्या थराने अरुंद झाल्या की स्वस्थ बसलेल्या माणसाला रक्त पुरते, पण जिना चढताना, रागावताना किंवा थंडीत चालताना मागणी वाढते आणि पुरवठा तोकडा पडतो. मग कळ येते. ती छातीतच येईल असे नाही. डावा हात, जबडा, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागातही ती जाणवते. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये नुसता दम लागणे किंवा विलक्षण थकवा एवढेच लक्षण असू शकते.

हृदयाची स्वतःची वीज

हृदय मिनिटाला सुमारे ७० वेळा म्हणजे दिवसाकाठी एक लाख वेळा आकुंचन पावते. त्यासाठीचा विद्युतसंदेश उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातील एका लहानशा गाठीतून निघतो. आधी वरचे दोन कप्पे आकुंचन पावतात, मग मधल्या एका चौकीवर क्षणभर थांबून संदेश खालच्या दोन कप्प्यांत जातो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ लागतो. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम या क्षारांचे कण पेशींच्या आत-बाहेर ये-जा करतात आणि त्यातूनच ही वीज निर्माण होते.

रोहिणीविकारात या व्यवस्थेला दोन प्रकारे धक्का बसतो. रक्त कमी पडले की पेशींतील सोडियम व कॅल्शियमचा तोल बिघडतो आणि भलत्याच ठिकाणाहून ठोके सुटू लागतात. दुसरे म्हणजे, पूर्वी झटका येऊन गेला असेल तर स्नायूवर व्रण राहतो. वीज या व्रणाला वळसा घालून जाते आणि कधी कधी तिथेच गोल गोल फिरत राहते. खालच्या कप्प्यांतला असा वेगवान फेरा हे अचानक मृत्यूचे एक मोठे कारण आहे.

सगळेच चुकलेले ठोके भयंकर नसतात. मध्येच एखादा ठोका लवकर पडणे निरोगी माणसातही आढळते. वरचे कप्पे अगदी बेताल थरथरू लागले तर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात नाडीला कोणताच ताल राहत नाही, हृदयात रक्ताची गुठळी होण्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. मधल्या चौकीवर संदेश अडला तर ठोके फार मंद होतात आणि चक्कर येते. म्हणून "छातीत धडधडते" एवढे सांगून भागत नाही. ती धडधड कोणत्या प्रकारची आहे, हे ईसीजीवरून किंवा २४ तास अंगावर बांधायच्या होल्टर यंत्रावरूनच कळते.

जिभेखालच्या गोळीपासून

छातीतल्या कळेवरचे सर्वांत जुने औषध म्हणजे नायट्रेट. १८७९ मध्ये विल्यम मुरेल या इंग्रज डॉक्टरने नायट्रोग्लिसरीनचा उपयोग प्रसिद्ध केला. ज्या द्रव्यापासून डायनामाइट बनवून आल्फ्रेड नोबेल श्रीमंत झाला, तेच द्रव्य आयुष्याच्या अखेरीस डॉक्टरांनी त्याच्या हृदयविकारासाठी सुचवले होते. आपल्याकडे घराघरांत असणारी सॉर्बिट्रेटची गोळी याच कुळातली. ती रक्तवाहिन्या सैल करते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी करते आणि त्यामुळे हृदयाचे ओझे हलके होते.

पण रक्तदाब एकदम उतरला की शरीर घाबरून ठोके वाढवते. डोके ठणकते, चक्करही येते. म्हणून ही गोळी उभ्याने घेऊ नये, खुर्चीत बसून जिभेखाली ठेवावी. कामेच्छेसंबंधीच्या तक्रारींसाठी मिळणाऱ्या सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल या गोळ्यांबरोबर नायट्रेट घेतल्यास रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो. पुरुष ही गोष्ट संकोचाने डॉक्टरांपासून लपवतात. इथे संकोच महागात पडतो.

ठोके मंद करणारी औषधे

स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी प्रश्न उलट बाजूने पाहिला. हृदयाला जास्त रक्त देण्याऐवजी त्याची मागणीच कमी केली तर? त्यातून १९६४ मध्ये प्रोप्रॅनोलॉल हे औषध पुढे आले आणि १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेटोप्रोलॉल, ऍटेनोलॉल, बिसोप्रोलॉल ही त्याचीच भावंडे. ही 'बीटा ब्लॉकर' औषधे ठोके मंद करतात, कळ कमी करतात आणि भलत्या ठोक्यांनाही आवर घालतात. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत झटका येऊन गेलेल्या ३८३७ रुग्णांपैकी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांत ७.२ टक्के दगावले, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ९.८ टक्के.

मात्र तो काळ स्टेंटपूर्वीचा होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, झटक्यानंतरही ज्यांच्या हृदयाची पंपशक्ती चांगली राहिली आहे अशा ५०२० रुग्णांत बीटा ब्लॉकरमुळे मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण कमी झालेले दिसले नाही. अशी बातमी वाचून कोणी आपली गोळी बंद करू नये. तीच गोळी कळेसाठी, रक्तदाबासाठी किंवा ठोक्यांसाठीही दिलेली असू शकते. शिवाय बीटा ब्लॉकर एकाएकी थांबवले की दबलेले ठोके उसळून येतात, कळ वाढते आणि झटकाही येऊ शकतो. गोळी कमी करायची झाल्यास ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू करावी लागते.

दुसरा गट कॅल्शियमला अडवणाऱ्या औषधांचा. यातली सगळी एकसारखी नाहीत. ऍम्लोडिपिन मुख्यतः रक्तवाहिन्या सैल करते, ठोक्यांना फारसे हात लावत नाही. त्याने पायांवर मात्र सूज येऊ शकते. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल ही मधल्या चौकीवर संदेशाची गती कमी करतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये पळणारे ठोके आवरायला ती उपयोगी पडतात, पण हृदय दुबळे झाले असेल तर ती टाळतात. बीटा ब्लॉकर आणि व्हेरापामिल एकत्र झाली तर ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. दोन वेगळ्या डॉक्टरांकडून दोन चिठ्ठ्या आल्या की नेमके हेच घडते.

इव्हाब्रॅडीन हे तुलनेने नवे औषध फक्त त्या वरच्या गाठीवर काम करते आणि ठोके मंद करते. कळ असलेल्यांना ते उपयोगी वाटले, पण २०१४ साली १९,१०२ रुग्णांवरील पाहणीत त्याने मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. उलट एट्रियल फिब्रिलेशनचे प्रमाण ३.८ वरून ५.३ टक्क्यांवर गेले. काहींना डोळ्यांपुढे प्रकाशाचे झगमगाट दिसतात. म्हणून आता ते निवडक रुग्णांनाच देतात आणि डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिलबरोबर देत नाहीत.

आपल्याकडे निकोरँडिल आणि ट्रायमेटाझिडीन ही औषधेही पुष्कळ दिली जातात. ठोक्यांना त्यांचा उपद्रव सहसा होत नाही, पण निकोरँडिलने तोंडात किंवा गुदद्वाराशी न भरणारे व्रण होऊ शकतात. ट्रायमेटाझिडीनमुळे हातांना कंप, चाल मंदावणे अशी कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात. वय झाले म्हणून हात थरथरतो, असे समजण्याआधी गोळ्यांची यादी पाहावी.

नानांची गोळी

रॅनोलाझिनला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली. ते ठोकेही मंद करत नाही आणि रक्तदाबही फारसा उतरवत नाही. रक्त कमी पडलेल्या पेशींत ठोक्याच्या उत्तरार्धात सोडियम झिरपत राहते, त्यापाठोपाठ कॅल्शियम साचते आणि स्नायू नीट सैल होत नाही. रॅनोलाझिन ही गळती कमी करते. ज्यांचा रक्तदाब आधीच कमी आहे किंवा ठोके मंद आहेत, त्यांना म्हणूनच ते सोयीचे ठरते.

पण या औषधात एक मेख आहे. ईसीजीवर ठोक्याच्या सुरुवातीपासून खालचे कप्पे पुन्हा तयार होईपर्यंतच्या काळाला 'क्यूटी' म्हणतात. हा काळ फार लांबला तर एक विशिष्ट वळणावळणाची, अतिशय वेगवान लय सुरू होऊ शकते. १९६६ मध्ये देसर्टेन या फ्रेंच डॉक्टरने तिचे वर्णन केले. या लयीत माणूस अचानक बेशुद्ध होतो, कधी दगावतो. प्रेनिलामीन नावाचे कळेवरचेच एक औषध याच दोषामुळे १९८८ मध्ये बाजारातून काढावे लागले. रॅनोलाझिनही क्यूटी थोडा वाढवते. मग ते दिले कसे जाते?

उत्तर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मिळाले. अस्थिर हृदयविकाराने रुग्णालयात आलेल्या ६५६० रुग्णांना रॅनोलाझिन किंवा निष्क्रिय गोळी देऊन सात दिवस त्यांचे ठोके यंत्रावर नोंदवले. खालच्या कप्प्यांतून सलग आठ किंवा अधिक जलद ठोके सुटण्याचा प्रकार निष्क्रिय गोळीच्या गटात ८.३ टक्के, तर रॅनोलाझिनच्या गटात ५.३ टक्के रुग्णांत दिसला. म्हणजे क्यूटी लांबूनही घातक लयी वाढल्या नाहीत, उलट कमी झाल्या. सोडियमची गळती थांबल्याने पेशी शांत होतात, हे त्याचे कारण मानले जाते.

याचा अर्थ ते ठोक्यांवरचे औषध झाले असा नाही. त्याच पाहणीत मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही. ठोके सुधारले म्हणजे आयुष्य वाढले असे मानण्याची चूक वैद्यकशास्त्राने एकदा करून पाहिली आहे. झटक्यानंतर मध्येच पडणारे जादा ठोके दाबून टाकले तर जीव वाचतील, या विश्वासाने एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे दिली जात होती. १९८९ मध्ये त्यांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. १९९१ च्या अहवालानुसार १४९८ रुग्णांत औषध घेणारे ६३ आणि निष्क्रिय गोळी घेणारे २६ जण दगावले होते. ईसीजीची पट्टी सुधारली, माणसे मात्र गेली.

रॅनोलाझिन सुरक्षित राहते ते त्याचे रक्तातले प्रमाण मर्यादेत असेतोवर. ते यकृतात मोडले जाते. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा बुरशीवरचे कीटोकोनॅझोल हे मोडण्याचे काम रोखते. मग रोजचीच गोळी अंगात कित्येक पटींनी साचते. त्यात क्लॅरिथ्रोमायसिन स्वतःही क्यूटी लांबवते. नानांच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल यांच्यासोबत रॅनोलाझिनची मात्रा कमी ठेवावी लागते. यकृताचा सिऱ्होसिस असलेल्यांना ते देत नाहीत आणि मूत्रपिंडे कमजोर असलेल्यांत फार जपून वापरतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलवरील सिम्व्हास्टॅटिन यांच्या मात्रेवरही त्यामुळे मर्यादा येते. ग्रेपफ्रूटचा रस वर्ज्य करावा. त्याच जातकुळीतल्या पपनसाबाबत डॉक्टरांना विचारून घ्यावे.

घरच्यांनी काय करावे?

पहिले काम कागद-पेन्सिलीचे. सर्व औषधांची नावे, मात्रा आणि वेळा मोठ्या अक्षरांत लिहून एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी, एक रुग्णाच्या पाकिटात ठेवावी. ताप, खोकला, दातदुखी, कशासाठीही कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यास आधी तो कागद पुढे करावा. औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविक आणू नये. शक्यतो एकाच दुकानातून औषधे घ्यावीत.

दुसरे, नाडी मोजायला शिकावे. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तर्जनी आणि मधले बोट ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. पाच मिनिटे स्वस्थ बसल्यानंतर ती साधारण ६० ते १०० असते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत ५५-६० असणेही चालते. ५० च्या खाली आणि सोबत चक्कर, बसल्या जागी १०० च्या वर टिकून राहणारी किंवा कोणताच ताल नसलेली नाडी असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

तिसरे, जुलाब-उलट्यांकडे दुर्लक्ष करू नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना जुलाब झाले की पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घटते आणि ठोके बिघडायला तेवढे निमित्त पुरते. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळण्याची सवय अनेक घरांत आहे. ते रोज आणि फार प्रमाणात घेतल्यास पोटॅशियम कमी करते. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांनी ठोके वाढतात. 'साधे घरचे औषध' आणि 'साधी सर्दीची गोळी' यांचीही डॉक्टरांजवळ वाच्यता करावी.

चौथे, कळ आली की रुग्णाला बसवून डॉक्टरांनी सांगितलेली गोळी जिभेखाली द्यावी. पाच मिनिटांत कळ उतरली नाही किंवा वाढू लागली तर थांबू नये, ११२ किंवा आपल्या भागातील १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. कळ नसतानाही अचानक शुद्ध हरपणे, धडधडीबरोबर दम लागणे, वाचा अडखळणे किंवा एक बाजू लुळी पडणे हे रुग्णालयात धावण्याचेच प्रसंग आहेत.

आणि एक गोष्ट विसरू नये. कळेवरच्या गोळ्या मुख्यतः त्रास कमी करतात. झटका टाळण्याचे काम तंबाखू सोडणे, रोजचे चालणे, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणे, कोलेस्टेरॉलची गोळी आणि डॉक्टरांनी दिली असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी हीच करतात. कळ थांबली म्हणून नेमक्या याच गोष्टी पहिल्यांदा सुटतात.

नाना आता पूर्वीसारखे भाजीला जातात. त्यांच्या खिशातल्या पाकिटात सुनेने लिहिलेला एक घडी घातलेला कागद आहे. मागच्या महिन्यात ते दाढ दाखवायला गेले, तेव्हा तोंड उघडण्याआधी त्यांनी तो कागद डॉक्टरांच्या हातात दिला.